पुण्यातील संग्रहालये आणि वार्षिक उत्सव : स्मरणातून उभ्या राहिलेल्या परंपरेची पार्श्वभूमी

डिसेंबरमध्ये पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरतो. त्यासाठी परगावाहून आलेले रसिक सकाळच्या मोकळ्या वेळात राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून घेतात, कोणी आगाखान पॅलेसला जाऊन येतात. जे गणेशोत्सवात येतात, त्यांचा बहुतेक वेळ पेठांमधल्या गर्दीतच जातो. वरवर पाहता या ठिकाणांचा आणि उत्सवांचा एकमेकांशी संबंध नाही. एकीकडे अडकित्ते आणि समया, दुसरीकडे ख्यालगायकी आणि तिसरीकडे ढोल-ताशा. मात्र यांतील प्रत्येकाच्या उगमापर्यंत मागे गेले, तर बऱ्याच वेळा तिथे कोणाचा तरी मृत्यू आणि मागे राहिलेल्या माणसाने धरलेली आठवण सापडते. घरोघरी पाळल्या जाणाऱ्या पुण्यतिथीचे सार्वजनिक रूप पुण्याइतके क्वचितच दुसऱ्या शहरात दिसते, आणि त्याला कारणे आहेत.

पहिले कारण राजकीय आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि पुढच्या वर्षी पेशवाई संपली. पुण्याचा दरबार गेला आणि दरबाराबरोबर विद्वान, कलावंत व कारागीर यांना पोसणारा राजाश्रयही गेला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी संग्रहालय उभारले, कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसारख्या गायकाला आणि कुस्तीच्या आखाड्यांना आश्रय दिला. पुण्याला असा संस्थानिक राहिला नव्हता. जे काही करायचे ते वकील, शिक्षक, वैद्य, व्यापारी यांनी वर्गणी गोळा करून करायचे, अशी येथील रीत पडली. सार्वजनिक सभा १८७० ची, पूना गायन समाज १८७४ चा आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला १८७५ ची. ही व्याख्यानमाला उन्हाळ्याच्या सुटीत अजूनही होते, म्हणजे शहरातील आजच्या बहुतेक वार्षिक उपक्रमांपेक्षा ती वयाने मोठी आहे. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि वर्षाचा जमाखर्च ही सामग्री पुणेकरांच्या हाती दीडशे वर्षांपासून तयार आहे. कोणाचे स्मरण करायचे ठरले की ही यंत्रणा लगेच कामाला लागते.

केळकर संग्रहालयाची सुरुवात मात्र समितीने झाली नाही, ती एका माणसाच्या नादातून झाली. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता, आणि 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवण्यास आरंभ केला. त्यांचा मुलगा राजा लहान वयातच गेला आणि पुढे या संग्रहाला त्यांनी त्याचेच नाव दिले. परक्या माणसाला 'राजा दिनकर केळकर' हे संस्थापकाचेच पूर्ण नाव वाटते. प्रत्यक्षात त्यात मुलगा आधी येतो आणि वडील नंतर. पत्नी कमलाबाई यांची या कामात साथ होती, आणि इतक्या खर्चिक छंदात घरच्यांची साथ म्हणजे काय, हे संसार केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

केळकरांनी काय जमवले यापेक्षा काय जमवण्याजोगे मानले, हे अधिक महत्त्वाचे आहे. त्या काळातील संग्राहकांची नजर मूर्ती, नाणी, शस्त्रे आणि ताम्रपट यांवर असे. केळकर खेड्यापाड्यांतून आणि मोडकळीला आलेल्या वाड्यांतून फिरले ते पायाच्या टाचा घासायच्या वज्र्या, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, दौती, शेवेचे सोरे, दिवे, कुलपे आणि दरवाजांच्या चौकटी यांसाठी. वाडे पडत होते, माणसे चाळींत व पुढे सदनिकांत जात होती, पितळ मोडीत निघत होते. अशा वेळी ज्याला कोणी 'वस्तू' म्हणतही नव्हते, ते त्यांनी विकत घेतले. येथील अडकित्त्यांचे कपाट सावकाश पाहावे. सुपारी कातरण्याचे काम दोन पात्यांनी आणि एका खिळीने होते, त्याला याहून अधिक काही लागत नाही. तरीही कारागिराने कोठे दांड्यांचे स्त्री-पुरुष केले आहेत, कोठे पात्याचा घोडा केला आहे. जवळच विंचवाच्या आकाराचे कुलूप आहे. स्वयंपाकघरात आणि माजघरात दिवसातून दहा वेळा हाताळल्या जाणाऱ्या जिनसांवर इतकी मेहनत घेणारा समाज कसा असेल, याचा अंदाज बखरींपेक्षा या कपाटांतून चांगला येतो, असे माझे मत आहे.

कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेषही केळकरांनी आणवून येथे पुन्हा उभे केले. पर्यटकांची सर्वाधिक गर्दी तिथेच असते, पण संग्रहालयाचा आत्मा तिथे नाही. १९७५ मध्ये हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एकूण वस्तू वीस हजारांच्या घरात आहेत, आणि जागेअभावी त्यांतील जेमतेम अडीच हजार प्रेक्षकांसमोर मांडता येतात. एका माणसाने एका आयुष्यात जे जमवले ते पुरते मांडण्याइतकी जागा पन्नास वर्षांत मिळू नये, ही बाब शहराला फारशी भूषणावह नाही.

नगर रस्त्यावरील आगाखान पॅलेसची कथा वेगळी आहे. ही वास्तू १८९२ मध्ये सुलतान मुहम्मद शाह आगाखान यांनी बांधली, आणि दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या लोकांना काम मिळावे हा त्यामागील हेतू सांगितला जातो. 'छोडो भारत'चा ठराव झाल्यावर ऑगस्ट १९४२ मध्ये सरकारने महात्मा गांधी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू आदींना येथे स्थानबद्ध केले. आठवडाही लोटला नव्हता तोच १५ ऑगस्टला महादेवभाईंचा हृदयविकाराने मृत्यू झाला. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबा गेल्या. दोघांचेही अंत्यसंस्कार आवारातच करावे लागले. गांधीजींची सुटका त्या वर्षी ६ मे रोजी झाली. हे दोन मृत्यू झाले नसते, तर ही इमारत राजकीय कैद्यांना ठेवलेल्या अनेक जागांपैकी एक होऊन विस्मरणात गेली असती. १९६९ मध्ये आगाखान चौथे यांनी ती राष्ट्राला अर्पण केली. आत छायाचित्रे, पत्रे आणि नित्य वापरातील थोड्या वस्तू आहेत. भेट देणाऱ्याने कमानींची छायाचित्रे काढून परत फिरू नये. मागच्या बाजूला बागेत दोन समाध्या आहेत आणि ही वास्तू जपली गेली ती त्यांच्यामुळे. कस्तुरबांच्या पुण्यतिथीला येथे प्रार्थना होते.

गणेशोत्सव या मालिकेत थेट बसत नाही, कारण त्याचा जन्म कोणाच्या स्मरणासाठी झालेला नाही. गुरुजी तालीम मंडळ आपली स्थापना १८८७ ची सांगते आणि त्यात हिंदू व मुस्लिम दोन्ही कुटुंबांचा सहभाग होता. भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ मध्ये सार्वजनिक गणपती बसवला, तर लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून 'केसरी'तून या उत्सवाला पाठबळ देऊन त्याला राजकीय व सामाजिक चळवळीचे रूप दिले. प्रवर्तक कोण, हा वाद पुण्यात दर काही वर्षांनी नव्याने पेटतो. मिरवणुकीत कोणाचा गणपती पुढे, हा प्रश्नही आरंभीच उपस्थित झाला होता. ग्रामदैवत म्हणून कसब्याच्या गणपतीला पहिला मान मिळाला, ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरीचा दुसरा, त्यानंतर गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा असा मानाच्या पाच गणपतींचा क्रम रूढ झाला. तो आजही काटेकोरपणे पाळला जातो.

तरीसुद्धा स्मरण येथे मागाहून येऊन मिळालेच. अनंत चतुर्दशीला सकाळी मिरवणूक निघते ती मंडईतील टिळकांच्या पुतळ्यापासून. या पुतळ्याचे अनावरण १९२४ मध्ये मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते झाले होते. लक्ष्मी रस्त्याने अलका चौकाकडे जाणारी ही मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. ज्यांना ढोलाच्या आवाजाचा त्रास होतो त्यांनी त्या दिवशी येऊ नये. मधल्या दिवसांत केसरीवाड्यात जाऊन टिळकांच्या वापरातील वस्तूंचे छोटे संग्रहालय पाहावे आणि कसब्याचे दर्शन घ्यावे, तेही पुरेसे आहे. पर्यटक डोळ्यांसमोर ठेवून १९८९ पासून याच दिवसांत पुणे फेस्टिव्हलही होतो. त्याची ओढ पेठांतल्या मांडवांसारखी कधी वाटली नाही.

नाटकाच्या क्षेत्रातही हीच रीत दिसते. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने पुरुषोत्तम वझे यांच्या स्मरणार्थ १९६३ पासून महाविद्यालयीन एकांकिकांची स्पर्धा सुरू केली. तीच आजची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा. पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात ती चालू असताना पडदा उघडण्यापूर्वी 'अरे आव्वाज कुणाचा' ही आरोळी ऐकण्यासाठी तरी एकदा जावे. वसंतोत्सव हा संगीतमहोत्सव तर नावातच वसंतराव देशपांडे यांची आठवण बाळगून आहे.

या सगळ्यांत सर्वांत मोठा झालेला उपक्रम म्हणजे सवाई गंधर्व महोत्सव. रामभाऊ कुंदगोळकर तथा सवाई गंधर्व (१८८६–१९५२) हे किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ यांचे शिष्य. ते मूळचे धारवाडजवळच्या कुंदगोळचे, पण मराठी संगीत रंगभूमीने त्यांना नाव दिले आणि त्यांची अखेरही पुण्यात झाली. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी ही त्यांची शिष्यमंडळी. १९५३ पासून भीमसेनांनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने, सवाई गंधर्वांचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे यांच्यासोबत, गुरूच्या पुण्यतिथीनिमित्त हा उत्सव सुरू केला. आरंभीचे स्वरूप घरगुती पुण्यतिथीचेच होते. शिष्यांनी आणि स्नेह्यांनी गुरूसमोर हजेरी लावायची, एवढेच त्यात अपेक्षित होते. सवाई गंधर्वांचे निधन सप्टेंबरातले आहे, पण उत्सव आता डिसेंबरात होतो. मोकळ्या मैदानावरील मांडवाला पावसाळ्यापेक्षा थंडीच सोयीची आहे, हे उघड आहे.

पुढे देशभरातील कलावंतांना येथे गाणे-वाजवणे मानाचे वाटू लागले आणि श्रोते हजारोंच्या संख्येने येऊ लागले. रमणबाग शाळेच्या मैदानावर हा उत्सव अनेक वर्षे झाला. सतरंजीवरील भारतीय बैठक, खांद्यावर शाल, थर्मासमधला चहा, शेजारच्या अनोळखी माणसाने पुढे केलेली पुरचुंडी, असे त्याचे रूप आजही अनेकांच्या मनात आहे. मैफल रात्रभर चाले. मध्यरात्रीनंतर दरबारी किंवा मालकंस आणि उजाडताना ललित, तोडी हे राग त्यांच्या नेमक्या वेळी ऐकायला मिळत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई केली, मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातून मोजक्याच दिवसांपुरती ठेवली, आणि ही रात्रीची परंपरा मोडली. नियम योग्यच आहे, शेजारच्या रुग्णाला मालकंसही गोंगाटच वाटतो. पण रागांच्या समयचक्राचा अर्धा भाग त्यामुळे या मांडवातून जवळजवळ हद्दपार झाला, हेही खरे.

२०११ च्या जानेवारीत भीमसेन गेले आणि उत्सवाच्या नावात त्यांचेही नाव जोडले गेले. गुरूसाठी सुरू केलेल्या पुण्यतिथीत शिष्याचाही समावेश झाला. २०१८ पासून मांडव मुकुंदनगर येथील महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात पडतो. तेथे बैठकही आहे आणि खुर्च्याही आहेत. करोनाच्या काळात खंड पडला, त्यानंतर क्रम पुन्हा सुरू झाला. येणाऱ्याने शक्यतो शेवटचा दिवस चुकवू नये. अखेरचे गायन आटोपल्यावर सवाई गंधर्वांच्या आवाजातील 'बिन देखे परे नाही चैन' ही भैरवी ध्वनिमुद्रिकेवरून लावली जाते, आणि ती संपेपर्यंत मांडवातले लोक जागचे हलत नाहीत.