एक कोटीची रेघ: मुंबईतल्या दुकानभाड्यांची पार्श्वभूमी

वांद्रे-कुर्ला संकुलात दोन वर्षांच्या अंतराने सुरू झालेल्या दोन दुकानांचे करार शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एप्रिल २०२३ मध्ये एका अमेरिकी फोन कंपनीने तिथे देशातलं आपलं पहिलं दुकान उघडलं. जागा २०,८०६ चौरस फूट, किमान भाडं महिना ४२ लाख, म्हणजे चौरस फुटाला साधारण २०२ रुपये. जुलै २०२५ मध्ये त्याच संकुलात एका अमेरिकी विजेरी मोटार कंपनीचं दालन उघडलं. जागा ४,००३ चौरस फूट, भाडं महिना सुमारे ३५ लाख, म्हणजे फुटाला ८८१ च्या आसपास. दोन्ही दुकानांना पत्त्याचं वलय तेच, तरी दर चौपटीहून जास्त. आणि भुलेश्वर किंवा लोहार चाळीत गेलात तर आजही महिना काही शे रुपयांची पावती फाटणारे गाळे आहेत. त्या गाळ्यांत रोज होणारी उलाढाल विचारू नये, कोणी खरी सांगतही नाही.

मुंबईतल्या दुकानभाड्यांचे जे तिमाही आकडे छापून येतात ते या शेवटच्या गाळ्यांना मोजतच नाहीत. मोजलं जातं ते नव्याने भाड्याने दिलेलं दुकान. दक्षिण मुंबईच्या जुन्या बाजारपेठांत अशी जागा फार थोडी सुटते, आणि जी सुटते तिच्यावर सगळी मागणी तुटून पडते. 'रस्त्याचा दर' म्हणून जो सांगतात तो या थोडक्या सुट्या जागांचा दर असतो. हे असं का झालं, याची गोष्ट बरीच जुनी असली तरी तिला खरं वळण मिळालं ते २००० साली.

जुनी गोष्ट थोडक्यात. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, मुंबईत भाड्यांवर पहिला निर्बंध आला. दुसऱ्या युद्धात तो पुन्हा आला आणि १९४७ च्या कायद्याने पक्का झाला. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच 'प्रमाण भाडं'. हा कायदा राहत्या घरांइतकाच दुकानांना आणि गोदामांनाही लागू होता, हे अनेकदा विसरलं जातं. मुळात तो ठरावीक मुदतीपुरता होता. मुदत संपत आली की वाढवायची, असं अर्धशतक चाललं. मालकाला भाड्यातून काही मिळेना, म्हणून पागडी आली, म्हणजे जागा देताना भाड्यावेगळी एकरकमी घ्यायची मोठी रक्कम. कायद्याने पागडी घेणं गुन्हा होता आणि बाजारात तो रिवाज होता. त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

पागडीला पर्याय म्हणून मालकांनी 'लीव्ह अँड लायसन्स' शोधलं, म्हणजे भाडेपट्ट्याऐवजी जागा वापरायचा नुसता परवाना. भाडेकरू म्हटलं की संरक्षण येतं, मग त्याला परवानाधारक म्हणायचं. १९७३ च्या दुरुस्तीने त्यातली हवा काढली. त्या वर्षी १ फेब्रुवारीला जो परवानाधारक जागेत बसलेला होता त्याला भाडेकरूचा दर्जा मिळाला. एका रात्रीत परक्या माणसाचा हक्क तयार झालेला पाहिलेल्या मालकांनी पुढे कित्येक वर्षं मोक्याच्या जागा कुलूपबंद ठेवल्या. जागा बंद राहिली तरी चालेल, पण आत कोणी नको, ही मुंबईकर मालकाची सवय तिथली आहे.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९४० च्या पातळीवर भाडं गोठवून ठेवणं आता अवाजवी झाल्याचं म्हटलं. मात्र नवा कायदा होऊ घातलाय म्हणून जुना तिथल्या तिथे रद्द केला नाही. तो नवा कायदा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडी कायदेशीर केली. संरक्षित भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ दिली, म्हणजे शंभर रुपयांच्या गाळ्याला पहिल्या वर्षी चार रुपये. आणि त्याने कलम ३ मध्ये एक रेघ ओढली. मुंबईतल्या दुकानभाड्यांबद्दल बोलताना माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या रेघेवर द्यायला हवा.

बँका, सार्वजनिक उपक्रम, परदेशी वकिलाती, बहुराष्ट्रीय कंपन्या, आणि ज्यांचं भरणा झालेलं भागभांडवल एक कोटी किंवा त्याहून जास्त आहे अशा प्रायव्हेट आणि पब्लिक लिमिटेड कंपन्या, यांना भाडेसंरक्षण नाही. कलमाचं सार एवढंच. कल्पना अशी की ज्यांना परवडतं त्यांनी बाजारभाव द्यावा. पण परवडणं मोजायचं कशाने? कायद्याने भागभांडवल निवडलं. मुंबईच्या बाजारात मोठा धंदा करणाऱ्या कित्येक पेढ्या भागीदारीच्या आहेत किंवा एकट्या मालकाच्या. झवेरी बाजारातली कोट्यवधींची उलाढाल करणारी पेढी भागीदारीत असेल तर ती संरक्षित. गिरगावातली मध्यम कंपनी, जिने कधी काळी बँकेकडून कर्ज मिळावं म्हणून भांडवल वाढवून दीड कोटी केलं, ती बाहेर. शिवाय एक कोटीचा आकडा १९९९ चा आहे. महागाई कुठल्या कुठे गेली, रेघ जागची हलली नाही.

मालकांची बाजूही ऐकायला हवी, कारण ती खोटी नाही. फोर्टमधल्या कित्येक इमारतींत तळमजल्यावर बँकेची शाखा, वर विमा कंपनी, आणि सगळ्यांचं मिळून भाडं इमारतीच्या एका रंगकामालाही पुरायचं नाही. ही मंडळी काही गरीब भाडेकरू नव्हती. २०००नंतर त्यांना नोटिसा गेल्या. संरक्षण नसल्यामुळे मालकाला कारणं सिद्ध करायची गरज उरली नाही. सर्वसाधारण मालमत्ता हस्तांतर कायद्याखाली पंधरा दिवसांची नोटीस द्यायची आणि दावा लावायचा. कलमाला आव्हान दिलं गेलं, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं आणि सहकारी बँकाही 'बँक' या शब्दात येतात असं सांगितलं. भांडवल कोणत्या तारखेचं मोजायचं, नोटिशीच्या दिवशीचं की नंतर घटलेलं, यावरही खटले झाले.

त्याच सुमारास, २००४ साली, दिल्लीच्या कॅनॉट सर्कसमधल्या एका जागेच्या खटल्यात एक तत्त्व पक्कं झालं: रिकामं करण्याचा हुकूम झाल्यावर भाडेकरू अपिलात गेला आणि स्थगिती हवी असेल, तर त्याने तोवर बाजारभावाने भरपाई द्यावी. मुंबईत त्याचा परिणाम वेगळाच झाला. बाजारभाव सिद्ध करायला शेजारचे नोंदणीकृत करार लागतात. त्यामुळे एखाद्या कपड्यांच्या ब्रँडने हौसेने चढा भाव देऊन घेतलेला कोपऱ्यातला गाळा चार इमारती पलीकडच्या बँकेच्या खटल्यात पुरावा म्हणून उभा राहतो. एका दुकानाचं भाडं दुसऱ्याच्या दाव्यात असं शिरतं, आणि ही वाट बाजाराच्या अहवालांत कुठे दिसत नाही.

रेघ हलवायचा प्रयत्नही झाला. २०१५ च्या शेवटी ठरावीक क्षेत्रफळापेक्षा मोठ्या जागांचं संरक्षण काढून घ्यायचा प्रस्ताव पुढे आला. भाडेकरूंनी आणि व्यापाऱ्यांनी गदारोळ केला आणि प्रस्ताव मागे पडला. क्षेत्रफळ हा निकष निदान डोळ्यांना दिसतो, भांडवलाच्या आकड्यापेक्षा तो कमी अन्यायाचा ठरला असता असं मला वाटतं. पण लोहार चाळीत हे मोठ्याने बोलायची सोय नाही.

याच कायद्यातला दुसरा गुंता 'अकरा महिने'. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिन्यांचा करार करायचा, ही जुनी क्लृप्ती. १९९९ च्या कायद्याने महाराष्ट्रात मुदत काहीही असो, लेखी करार आणि नोंदणी सक्तीची केली. नोंदणी नसेल तर अटींबद्दल जागा घेणाऱ्याचं म्हणणं खरं धरायचं. म्हणजे अकरा महिन्यांना काही अर्थ उरला नाही, तरी दलाल आजही तोच आकडा सांगतात. मोठी दुकानं ६० महिन्यांपर्यंतचा करार करतात, कारण तेवढ्या मुदतीच्या लीव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क किरकोळ आहे, सगळ्या भाड्यावर पाव टक्का. मात्र मुदत संपल्यावर जागा झटपट परत मिळवून देणारं सक्षम प्राधिकरण फक्त राहत्या जागांसाठी आहे. दुकानासाठी लघुवाद न्यायालयाची पायरी चुकत नाही. मालक सहा-सहा, बारा-बारा महिन्यांचं डिपॉझिट का मागतात याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

यानंतरचं सगळं वेगाने झालं. १९९९ मध्ये हाजीअलीजवळ पहिला मोठा मॉल उघडला. परळच्या गिरणीच्या आवारात दुसरा वाढत गेला, २००४ मध्ये मालाडला तिसरा आला. गिरण्यांच्या जमिनीचा वाद हा स्वतंत्र विषय आहे, त्यात इथे शिरत नाही. मॉलमध्ये प्रमाण भाड्याची भानगड नव्हती, पागडी नव्हती, आणि भाडं विक्रीशी बांधता येत होतं: किमान रक्कम ठरलेली, विक्रीचा ठरावीक टक्का त्याहून जास्त झाला तर तो. त्याबरोबर 'चार्जेबल एरिया' आला. १,००० फूट कार्पेटवर, म्हणजे आतल्या वापराच्या जागेवर, ४० टक्के लोडिंग, म्हणजे जिने-वाटांसारख्या सामायिक जागेचा वाटा, धरलं की भाडं १,४०० फुटांचं. रस्त्यावरचा मालक कार्पेटवर दर सांगतो आणि मॉलवाला चार्जेबलवर, त्यामुळे दोघांच्या दरांची तुलना करणारे तक्ते जपूनच वाचावेत.

एका ब्रँडच्या दुकानांत परदेशी गुंतवणूक २००६ मध्ये ५१ टक्क्यांपर्यंत आणि २०१२ मध्ये १०० टक्के खुली झाली. भाड्याने घेणारा नवा वर्ग त्यातून आला. फ्लोरा फाउंटनजवळच्या जुन्या एडवर्डियन इमारतीचे मजले एका स्पॅनिश कपड्यांच्या ब्रँडने घेतले. २०१७ मध्ये दुकान सुरू झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झालं. त्याच जागेत देशी डिझायनरांचे कपडे विकणारी कंपनी आली, पाच वर्षांच्या २०६ कोटींच्या करारावर. परदेशी ब्रँड गेला म्हणून दर पडतील असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते.

टाळेबंदीने विक्रीच्या वाट्याचा करार मॉलबाहेरही नेला. मार्च २०२० मध्ये बंद झालेले मॉल ऑगस्टच्या ५ तारखेला उघडले, मधल्या महिन्यांच्या भाड्यावरून भांडणं झाली, आणि त्यानंतरच्या करारांत 'दुकान सक्तीने बंद राहिलं तर' हे वाक्य आलं. सुरुवातीला सांगितलेल्या फोन कंपनीच्या करारातही विक्रीचा २ टक्के वाटा आहे, तीन वर्षांनी अडीच. २०२ आणि ८८१ मधल्या फरकातला एक भाग तिथे आहे, बाकीचा आकाराचा. वीस हजार फूट घेणारा मोठा भाडेकरू इतरांना खेचून आणतो, म्हणून त्याला मालक सवलत देतो. मोटार कंपनीला चार हजारच फूट हवे होते, आणि तिच्या करारात भाडं दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढतं.

जुन्या बाजारांत सध्या बोलणं आहे ते पुनर्विकासाचं. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) इमारत पाडून नवी बांधताना दुकानदाराला होतं तेवढंच क्षेत्रफळ मिळतं. राहत्या भाडेकरूला किमान क्षेत्राची हमी आहे, म्हणून बहुतेकदा त्याचं घर वाढतं, दुकान वाढत नाही. पण रस्त्याला लागून असलेला दर्शनी भाग मिळेलच असं कायदा म्हणत नाही. १२० फुटांचा रस्त्यावरचा गाळा आणि १२० फुटांचा पोडियमच्या (टॉवरखालच्या पसरट भागाच्या) पहिल्या मजल्यावरचा गाळा कागदावर सारखेच. काळबादेवी-भुलेश्वर पट्ट्यात संमतीपत्रांवर सह्या अडल्यात त्या अनेक ठिकाणी याच मुद्द्यावर.