डायलिसिसचा पेशंट घरी असताना : घरच्यांनी एवढं नक्की वाचा

डायलिसिस आठवड्यातून दोनदा-तीनदा, एका वेळेला साधारण 4 तास, बाकी सगळा वेळ पेशंट घरीच असतो आणि बिघाड होतो तो याच दिवसांत. आमच्या सिस्टर जळगाव शहर अन् आसपासच्या गावांत घरी येतात त्या यासाठीच.

आधी फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून ऑपरेशन करून शीर अन् धमनी जोडलेला हात. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, सलाईन नाही, घट्ट बांगडी-घड्याळ नाही, आणि तो उशाला घेऊन झोपायचं पण नाही. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून बघा, मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. नाही लागली तर पुढच्या डायलिसिसची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना, रविवार असला तरी.

दुसरं म्हणजे पाणी. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, घसा कोरडा पडतो, आणि समोर बसलेल्या माणसाला पाणी नाही म्हणणं घरच्यांच्या फार जिवावर येतं, हे आम्ही रोज बघतो. पण लघवी होत नसेल तर प्यायलेलं 1 लिटर म्हणजे अंगावर 1 किलो वजन, मग पायाला सूज अन् रात्री दम. डॉक्टरांनी दिवसाचं जेवढं पाणी सांगितलंय तेवढं सकाळीच बाटलीत भरा, चहा-ताक-वरण घेतलं की तेवढंच पाणी बाटलीतून काढून टाका. शेवभाजी, पापड, लोणच्याने तहान अजून वाढते. लो-सोडियम मीठ मात्र मनाने आणू नका, त्यात पोटॅशियम असतं.

पोटॅशियमवरून केळी. रावेर-यावलकडे केळी घरचीच, "एकाने काय होतं आप्पा" म्हणून प्रेमाने हातात दिली जातात. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, कधी कधी आधी काहीच लक्षण न दिसता. शहाळ्याचं पाणी पण नको. बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी फेकून द्या.

घरी आल्यावर सुईच्या जागेतून रक्त आलं तर गॉज ठेवून बोटाने दाबून धरा, सारखं उचलून बघू नका, थांबलं नाही तर दाबलेलं तसंच ठेवून दवाखान्यात न्या. थंडी वाजून ताप, आडवं झाल्यावर दम, पायातली ताकद गेल्यासारखी वाटली, तरी लगेच न्या.

सिस्टर रोज एकाच काट्यावर वजन, दुसऱ्या हाताला बीपी घेऊन वहीत लिहितात, ती वही डायलिसिसला सोबत न्या. मानेतल्या कॅथेटरची (डायलिसिससाठी बसवलेल्या नळीची) टोपी आम्ही उघडत नाही, ते काम डायलिसिस युनिटचंच. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, रेशनकार्ड घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला (योजनेची माहिती-मदत देणाऱ्या माणसाला) भेटा.