‘टॉप शेफ’चे निकाल प्रेक्षकांना का खटकतात : पार्श्वभूमी

‘टॉप शेफ’ या शेफच्या अमेरिकी टीव्ही-स्पर्धेचे नवे पर्व सुरू झाले आणि एखादा निकाल पटला नाही, की कोणीतरी दहाव्या पर्वाची आठवण काढतेच. जानेवारी २०१३ मध्ये दाखवलेल्या ‘रेस्टॉरंट वॉर्स’च्या, म्हणजे गटागटाने रेस्टॉरंट चालवण्याच्या फेरीच्या, त्या भागात जी शेफ बाद झाली, तिच्याविषयी प्रेक्षक आजही पोटतिडकीने बोलतात. हा वाद एकाएकी उपटला नव्हता, आणि त्यानंतर तो मिटलाही नाही.

स्वयंपाकाची टीव्ही-स्पर्धा हा प्रकार अमेरिकेच्या आधी जपानमध्ये रुळला. १९९३ साली तिथे ‘आयर्न शेफ’ सुरू झाले. एक मुख्य घटक, एक तासाची वेळ आणि समोर चव घेणारे परीक्षक असा त्याचा साचा होता. त्याच्या इंग्रजी डब केलेल्या भागांनी अमेरिकी प्रेक्षकांना या खेळाची गोडी लावली. ८ मार्च २००६ रोजी एका अमेरिकी केबल वाहिनीवर ‘टॉप शेफ’ आले तेव्हा त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. स्पर्धक बहुतांशी पगारी, कसलेले शेफ होते, आणि ते आठवडेच्या आठवडे एका छताखाली राहत होते. पहिल्या गोष्टीमुळे कार्यक्रमाला वजन आले. दुसरीने प्रेक्षकांच्या हाती मत बनवायला भरपूर ऐवज दिला.

चव पडद्यातून येत नाही, हे या साऱ्या वादाचे मूळ आहे. गाण्याच्या स्पर्धेत प्रेक्षकाचा कान परीक्षकाच्या कानाइतकाच हजर असतो. सूर सरकला की घरात बसलेल्यालाही कळते. पदार्थाच्या बाबतीत आपल्याला दिसते ते ताट, शेफचा चेहरा आणि परीक्षकाचा पहिला घास घेतानाचा चेहरा. परीक्षकांकडे चव असते, पण स्वयंपाकघरात दिवसभर काय घडले ते त्यांनी पाहिलेले नसते. प्रेक्षकांनी तेच सारे पाहिलेले असते, अर्थात एडिट होऊन आलेले. एकच निकाल, पण दोन बाजूंकडे दोन वेगवेगळे पुरावे. सुरुवातीच्या काळात मुख्य परीक्षक वाहिनीच्या संकेतस्थळावर लिहून प्रेक्षकांना उत्तरे देत. त्यांचा मुद्दा तेव्हाही ठाम होता आणि पुढेही तसाच राहिला: आम्ही त्या दिवशीचे ताट बघतो, मागचे विजय नाही, स्वभाव नाही.

हा नियम ऐकायला सरळ आहे. प्रेक्षकांना तो पचला मात्र कधीच नाही. संपूर्ण पर्व गाजवलेला शेफ एका फसलेल्या सॉसमुळे घरी जातो आणि दर आठवड्याला काठावर वाचणारा पुढे सरकतो, हे बघताना पोटात कालवते. २००९ च्या सुरुवातीला संपलेल्या पाचव्या पर्वात त्याचा मोठा अनुभव आला. अंतिम फेरीत एका लाडक्या स्पर्धक शेफने मदतनीसाचा सल्ला ऐकून आपली नेहमीची पद्धत सोडली आणि ती मागे पडली. जिंकला तो फारसा कोणाच्या मनात नसलेला शेफ. हरलेल्या त्या शेफला दोन वर्षांनी ‘ऑल-स्टार्स’ पर्वात प्रेक्षकांनी मते देऊन आपली आवडती ठरवले. प्रेक्षकांच्या पसंतीचा हा वेगळा पुरस्कार, दहा हजार डॉलर्सचा, तिसऱ्या पर्वापासून दिला जात होता. चौथ्या पर्वात तो विजेतीलाच मिळाला, आणि त्या वर्षी कुरकुर फारशी ऐकू आली नाही. बाकी बहुतेक वेळा परीक्षकांची निवड एक आणि प्रेक्षकांची दुसरी.

संशयाला खतपाणी घातले ते श्रेयनामावलीतल्या एका ओळीने. भाग संपताना बारीक अक्षरांत जे सरकते त्याचा आशय असा, की विजेता आणि बाद होणारा ठरवण्याचे निर्णय परीक्षकांनी निर्मात्यांशी सल्लामसलत करून घेतले. ‘सल्लामसलत’ म्हणजे नेमके काय? परीक्षकांनी अनेकदा सांगितले आहे की निर्माते नाव सुचवत नाहीत. अमेरिकेत १९५० च्या दशकात प्रश्नमंजूषांचे निकाल आधीच ठरवल्याची प्रकरणे उघड झाली होती आणि १९६० मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला, त्यामुळे स्पर्धेच्या निकालाबद्दल तिथली वाहिनी काय जाहीर करते याला महत्त्व आहे. तरी तो शब्द तिथे आहे तोवर प्रेक्षक त्याचा अर्थ आपापल्या परीने लावणारच. मला परीक्षक खोटे बोलतात असे वाटत नाही. पण ज्या शब्दाचे स्पष्टीकरण वर्षानुवर्षे द्यावे लागते, तो शब्द बदलायला हवा होता.

आता दहाव्या पर्वाकडे. स्पर्धा सिएटलला होती. ‘रेस्टॉरंट वॉर्स’मध्ये दोन गटांनी एकेक रेस्टॉरंट उभे करायचे होते. एका गटाने कोरियात जन्मलेल्या, अमेरिकेत दत्तक घेतल्या गेलेल्या आपल्या सहकारी शेफची कल्पना निवडली: फ्रेंच पदार्थ, आणि रेस्टॉरंटच्या नावात तिचे जन्माचे कोरियन नाव. तीच एक्झिक्युटिव्ह शेफ झाली. तोवर ती सगळ्यांच्या पुढे होती. गटातल्या एका अनुभवी सहकारी शेफकडे बुयाबेस, म्हणजे माशांचे फ्रेंच रस्सेदार कालवण, सोपवले होते. त्याची तयारी उशिरा सुरू झाली, रस्सा हवा तसा जमला नाही, आणि ताट परीक्षकांसमोर गेले ते फसलेलेच. परीक्षकांसमोर उभे राहिल्यावर एक्झिक्युटिव्ह शेफने सहकारी शेफवर ढकलले नाही. जबाबदारी माझी आहे, हीच तिची भूमिका राहिली. ती घरी गेली. जिच्या हातून ते कालवण बिघडले ती शेफ वाचली.

इथे सारा गुंता ‘एक्झिक्युटिव्ह शेफ’ या एका पदापाशी येऊन थांबतो. परीक्षकांची बाजू अशी: खऱ्या रेस्टॉरंटमध्ये ‘पास’वर, म्हणजे तयार ताटे जिथून बाहेर जातात तिथे, जो उभा असतो, त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय ताट बाहेर पडत नाही. फसलेला पदार्थ थांबवणे, मेन्यूतून काढणे, माणूस बदलणे हे त्याचे काम. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत मसालेभात करपला तर बोल मुख्य आचाऱ्यालाच लागतो, मग पातेल्यापाशी उभा कोणीही असो. हॉटेलच्या धंद्यातल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही.

प्रेक्षकांची बाजू मला अधिक जड वाटते आणि ती केवळ भावनेची नाही. ‘आम्ही फक्त ताट बघतो’ हा नियम परीक्षकांनीच घालून दिलेला. मग ताट ज्याने बनवले तो शेफ बाद व्हायला हवा. त्या दिवशी मात्र ताटाऐवजी पद मोजले गेले. दुसरे असे, की खरा एक्झिक्युटिव्ह शेफ आपली माणसे स्वतः निवडतो, त्यांना महिनोन्‌महिने घडवतो, आणि काम न करणाऱ्याला काढूही शकतो. स्पर्धेत यातला एकही अधिकार नसतो. सहकारी शेफ प्रतिस्पर्धीही असते. अधिकार अर्धा आणि जबाबदारी पूर्ण, अशा पदावर बसवून त्या पदाचा खरा मापदंड लावणे कसे न्याय्य ठरेल? तिसरा मुद्दा सर्वांत बोचरा आहे. सहकाऱ्यावर बोट दाखवले असते तर कदाचित ती वाचली असती. न दाखवणे तिला महागात पडले, आणि हे लाखो प्रेक्षकांनी पाहिले. ‘रेस्टॉरंट वॉर्स’मध्ये मुख्य जबाबदारी अंगावर घ्यायला स्पर्धक कचरतात, हे नंतरच्या पर्वांत वारंवार जाणवते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ‘लास्ट चान्स किचन’ ही बाद शेफना परत येण्याची संधी देणारी उपस्पर्धा नवव्या पर्वापासून सुरू झाली होती. तिने तिथे एकामागून एक फेऱ्या जिंकल्या, अंतिम टप्प्यात परतली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये पर्व जिंकले. चौथ्या पर्वाच्या विजेतीनंतर हा मान मिळवणारी ती दुसरीच स्त्री. त्यावरून काहींनी म्हटले की व्यवस्थेने आपली चूक आपणच सुधारली. मला ते पटत नाही. परतीचे दार होते म्हणून निकाल बरोबर ठरत नाही. दार नसते तर तोच निकाल कायमचा राहिला असता.

पुढच्याच, अकराव्या पर्वात इम्युनिटीवरून, म्हणजे बाद होण्यापासून मिळणाऱ्या संरक्षणावरून, वाद पेटला. एका शेफकडे त्या फेरीपुरती इम्युनिटी होती आणि त्याच्या गटात सर्वांत फसलेला पदार्थ त्याचाच होता. इम्युनिटी सोडून देण्याचा विषय परीक्षकांसमोर निघाला. त्याने ती सोडली नाही. त्याच्याऐवजी गटातली सहकारी शेफ गेली. नियम त्याच्या बाजूने होता आणि त्याने काहीही नियमबाह्य केले नाही, हे मान्य करायला हवे. २०१४ मध्ये तोच अंतिम फेरी जिंकला, आणि त्याच्यासमोर हरलेल्या कॅरिबियन शेफला प्रेक्षकांनी आपला पुरस्कार दिला. दोन पर्वे लागोपाठ पाहिलेल्या माणसाला काय वाटले असेल? एकीकडे जबाबदारी घेणारी घरी गेली, दुसरीकडे न घेणारा जिंकला.

मराठी प्रेक्षक या वादात थोड्या वेगळ्या वाटेने आले. आपल्यातल्या अनेकांनी आधी ‘मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया’ पाहिले, २०१० पासून ‘मास्टरशेफ इंडिया’. ही होम कुकची स्पर्धा. तिथे घरची परिस्थिती, अश्रू आणि आईची आठवण हे खेळाचेच भाग आहेत. ‘मास्टरशेफ इंडिया’च्या २०२३ च्या पर्वात एका शाकाहारी स्पर्धकाला माशाच्या फेरीत माशाऐवजी पनीर देण्यात आले तेव्हा पक्षपाताची ओरड झाली, पण तो वादसुद्धा होम कुकला किती सवलत द्यावी याचाच होता. व्यावसायिक शेफच्या स्पर्धेकडे त्याच नजरेने पाहिले की ती कोरडी वाटते.

तरी एक क्षण आपल्याला थेट भिडला. २०११ मध्ये ‘टॉप शेफ मास्टर्स’ या नामवंत शेफसाठीच्या भावंड-कार्यक्रमाच्या अंतिम फेरीत मुंबईत वाढलेल्या एका शेफने रानअळिंब्यांचा उपमा केला, सोबत कोकम आणि नारळाचे दूध. तो जिंकला आणि एक लाख डॉलर्स कर्करोग संशोधनाला गेले. सकाळी डब्यात भरून नेतो तो उपमा, सोलकढीतले ते कोकम, तिथे शेवटच्या ताटांत होते. त्या एका पदार्थाची चव पडद्यापलीकडूनही आपल्याला कळत होती, आणि निकालाबद्दल निदान माझ्या मनात तरी शंका उरली नाही. मार्च २०२० मध्ये हा शेफ कोविडने गेला.

अलीकडच्या वर्षांत वादाची जागा ताटावरून माणसाकडे सरकली आहे. २०२१ मध्ये पोर्टलंडच्या पर्वाच्या विजेत्याला त्याच्या रेस्टॉरंटने चित्रीकरणानंतर कामावरून काढल्याचे समोर आले, आणि चांगले ताट पुरेसे आहे का, असे प्रेक्षक उघडपणे विचारू लागले. २०२४ च्या एकविसाव्या पर्वात इम्युनिटीचा नियम बदलला. आता ती सुरुवातीच्या छोट्या, झटपट फेरीत मिळत नाही, मुख्य एलिमिनेशन फेरी, म्हणजे स्पर्धक बाद होतो ती फेरी, जिंकणाऱ्याला पुढच्या फेरीसाठी मिळते. त्याच पर्वापासून सूत्रसंचालिकाही बदलली. २०१३ मध्ये बुयाबेससाठी घरी गेलेली शेफ आता सूत्रसंचालिका म्हणून परीक्षकांच्या बाजूला बसते, आणि बाद झालेल्याला सुऱ्या आवरून घरी जायला सांगण्याचे काम तिच्याकडे आहे.