शिवा ते निफ : संमीलनाच्या लेसरचा रंग का बदलला?

१९७२ साली जॉन नकोल्स आणि सहकाऱ्यांनी लेसरने इंधनाची गोळी दाबून संमीलन (हलक्या अणुकेंद्रकांचं जुळणं, ज्यातून ऊर्जा सुटते) घडवण्याची कल्पना जाहीर मांडली, तेव्हा सुमारे १ किलोज्यूल ऊर्जेत घातलेलं वसूल होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात त्याच्या दोन हजार पट लागली. अंदाज फसण्याची कारणं अनेक. पहिला मोठा दणका मात्र लेसर-प्लाझ्मा अस्थैर्यांनी दिला : प्लाझ्मात, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेल्या तप्त वायूत, लेसर लहरी उठवतो आणि त्या वाढतच जातात.

अमेरिकेतल्या लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत १९७८ साली 'शिवा' (हो, आपलाच शिव) हा लेसर २० शलाकांनिशी पूर्ण ताकदीने चालू लागला. सुमारे १० किलोज्यूल, तरंगलांबी १.०६ मायक्रॉन, म्हणजे अवरक्त. लक्ष्याचा पृष्ठभाग उकळून झालेल्या विरळ प्लाझ्मातच प्रकाशाचं विभाजन होई : काही भाग विखुरलेल्या प्रकाशात, उरलेला इलेक्ट्रॉनांच्या लहरीत. हे प्रेरित रामन विखुरण. रामन यांच्या मूळ प्रयोगात रेणूंच्या कंपनांचं जे काम, ते इथे प्लाझ्मालहर करते. तिच्यावर स्वार झालेले इलेक्ट्रॉन प्रचंड वेग घेतात, थेट इंधनात घुसतात आणि ते वेळेआधी तापवतात. तापलेलं इंधन दबत नाही. सगळं गणित तिथेच कोसळतं.

उपाय निघाला तो रंग बदलण्याचा. तरंगलांबी एक तृतीयांश केली की प्रकाश नऊपट दाट प्लाझ्मापर्यंत पोचतो. तिथे इलेक्ट्रॉन-आयन टकरींतून तो सरळ शोषला जातो आणि अस्थैर्यांचा जोर घटतो. रॉचेस्टर विद्यापीठात १९८० च्या सुमारास केडीपी (पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट) स्फटिकांनी वारंवारता तिप्पट करण्याची कार्यक्षम पद्धत बसवली गेली. लिव्हरमोरचाच पुढचा लेसर 'नोव्हा', त्याचा मूळ आराखडा २० अवरक्त शलाकांचा होता. १९८४ साली उभा राहिला तो १० शलाकांचा आणि ३५१ नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील. किंमतही मोजावी लागलीच : रूपांतरात बरीच ऊर्जा गळते, शिवाय अतिनील प्रकाश भिंगं-काचा लवकर खराब करतो.

शलाकेतले तीव्र ठिपके हा दुसरा त्रास. सरासरी तीव्रता मर्यादेत असली तरी ठिपक्यात ती ओलांडली जाते. त्यावर ओसाकाच्या गटाने १९८४ मध्ये यादृच्छिक कला-पट्ट्या (शलाकेच्या तुकड्यांची कला विस्कटणाऱ्या काचा) आणल्या, तर रॉचेस्टरने १९८९ मध्ये ठिपके झपाट्याने हलते ठेवणारी पद्धत.

लिव्हरमोरच्याच १९२ शलाकांच्या 'निफ'वरही (नॅशनल इग्निशन फॅसिलिटी) दुखणं संपलं नव्हतं. इथे गोळी सोन्याच्या पोकळ नळीत ठेवतात; लेसर नळीच्या भिंतीवर पडून क्ष-किरण निघतात आणि ते गोळी दाबतात. ही भिंत आत फुगू नये म्हणून हेलियम भरला, आणि त्याच वायूत आतल्या (नळीच्या मध्याकडे जाणाऱ्या) शलाकांचं रामन विखुरण माजलं. सुरुवातीच्या प्रयोगांत एकूण ऊर्जेपैकी सुमारे १५ टक्के प्रकाश उलटा फिरत होता. पुढे वायू विरळ केला आणि ही गळती एक-दोन टक्क्यांवर आली, पण मग भिंतीचं सोनं लवकर फुगून आतल्या शलाकांची वाट अडवू लागलं.

गंमत म्हणजे एक अस्थैर्य कामालाही जुंपलं गेलं. नळीच्या तोंडाशी शलाका एकमेकींना छेदतात तिथे आयनलहर तयार होते. बाहेरच्या (नळीच्या टोकांजवळ पडणाऱ्या) आणि आतल्या शलाकांच्या तरंगलांबीत काही अँगस्ट्रॉमचा (नॅनोमीटरच्या दहाव्या भागांचा) फरक ठेवला की ती एकीची ऊर्जा दुसरीत ओतते, आणि गोळी सगळीकडून सारखी दाबली जाते. ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाज्यूल देऊन ३.१५ मेगाज्यूल मिळाले, त्या प्रयोगातही ही युक्ती होती.