कड्याआधी गोचीड

तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या कोडियाक्कराईला स्थलांतरी पक्षी जाळ्यांत पकडतात, पायात नंबराचं कडं घालतात आणि सोडून देतात. तिथे ऑक्टोबरात जाळ्यांवर मदतीला गेलं की पहिल्या दिवशी हाती येते ती नोंदवही. पंख किती मिलिमीटर, वजन किती ग्रॅम, पिसं झडतायत का, पायातल्या कड्याचा नंबर काय. पक्षी जाळीतून सोडवणं परवानगी असलेल्यांचंच काम, आणि ते तसंच असायला हवं.

ही वही मुळात पक्ष्यांसाठी उघडलीच नव्हती. कडी घालण्याची पद्धत १८९९ मध्ये डेन्मार्कमध्ये रुजली आणि १९२० च्या दशकात एका संस्थानिकाच्या हौसेने आपल्याकडे आली, पण तेव्हा काम तुरळकच राहिलं. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली. विषाणू गोचिडांतून पसरणारा आणि रशियात सापडणाऱ्या विषाणूचा भाऊबंद निघाला. उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांच्या अंगावरून तो आला असेल का, हे तपासायला १९५९ पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य यंत्रणेचा पैसा मिळाला. मुंबईच्या जुन्या निसर्गसंस्थेने, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, माणसं दिली. बिहारचे मीरशिकार, म्हणजे पिढीजात पक्षी पकडणारे, आले. त्यांच्या हातातल्या पिढीजात कसबाशिवाय हजारो पाखरं जिवंत हाती लागलीच नसती, आणि अहवालांत त्यांना मिळालेली जागा फार थोडी आहे.

पुढे साठच्या दशकात अमेरिकी लष्कराचा पैसा स्वीकारला गेला. आशियाभर पक्ष्यांमधले रोग शोधायची त्यांची मोहीम होती. १९७४ मध्ये वर्तमानपत्रांनी विचारलं, हे जैविक युद्धाचं संशोधन तर नव्हे? १९७५ मध्ये संसदेच्या समितीने ताशेरे ओढले. पक्ष्यांच्या रक्ताचे नमुने कुठे गेले, निष्कर्ष कुणाच्या हाती पडले, हे विचारणं रास्तच होतं. शीतयुद्धाच्या काळात तर जास्तच. पण त्या गदारोळात जाळ्यांवरच्या माणसांवरही संशयाची सावली पडली, ती मला अन्यायाची वाटते. भरतपूरला कडं घातलेली बदकं सोव्हिएत प्रदेशात सापडली. ती वाट नोंदवहीनेच दाखवली.

१९८० नंतर पुन्हा पैसा आला तो अमेरिकेचाच, मात्र तिथल्या वन्यजीव खात्याकडून. आता प्रश्न पक्ष्यांच्या प्रवासाचा होता. कोडियाक्कराईतलं बरंचसं काम त्याच वर्षांतलं: टिलवे, तुताऱ्या असे पाणथळीचे पक्षी, आणि श्रीलंकेकडे निघालेले नवरंग. गोचिडांचा रकाना मागे पडला आणि पंखाच्या लांबीचा पुढे आला.