द्राक्षाचं साल, बाटलीवरचं साल

टेबलावर चार बाटल्या होत्या आणि चारही पांढऱ्या फडक्यांत गुंडाळलेल्या. गाव पोयाकजवळचं, फ्रान्समधल्या बोर्डो शहराच्या उत्तरेला, जिरोंद खाडीच्या काठी. द्राक्षं एकाच मळ्यातली, वाइन करणारं घरही एकच. वेगळं होतं ते फक्त बाटलीवरचं साल: २०१३, २०१०, २००३ आणि १९८६. एकाच मळ्यातल्या अशा वेगवेगळ्या सालांच्या वाइन ओळीनं चाखायच्या, याला तिकडे ‘व्हर्टिकल’ म्हणतात. ते साल वाइन बाटलीत भरल्याचं नसतं, द्राक्षं तोडल्याचं असतं. म्हणजे त्या वर्षीच्या पावसाची आणि उन्हाची ती नोंदच झाली.

फडकी कशासाठी, तर डोळ्यांनी जिभेला फसवू नये म्हणून. २००१ साली बोर्डो विद्यापीठातले फ्रेदेरिक ब्रोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना त्यांनी एक पांढरी वाइन दिली आणि तीच वाइन, चव-वास नसलेला लाल रंग घालून, पुन्हा दिली. रंगवलेल्या पेल्याच्या वासाचं वर्णन करताना त्यांनी लाल वाइनचेच शब्द वापरले. डोळ्यांनी आधीच निकाल दिलेला होता. नुसत्या लाल रंगानं एवढा फरक पडतो, तर लेबलावरच्या प्रसिद्ध सालानं किती पडेल!

पहिल्या पेल्यात रंग पातळ होता. नाकाशी नेला तर फळाआधी ढोबळी मिरची आली. मिरची चिरताना देठापाशी येतो तो हिरवा, कच्चा वास. हा भास नव्हता. ढोबळी मिरचीत आणि कॅबरने सोव्हिन्यों या द्राक्षात एकच रेणू असतो, मेथॉक्सिपायराझिन नावाच्या कुळातला. लाल वाइनमध्ये लिटरमागे पंधरा-एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे पंधरा अब्जांश, एवढा असला तरी नाकाला कळतो. घड पिकत गेला, त्याला ऊन लागलं की तो कमी होतो. पेल्यातली वाइन होती २०१३ची. त्या वर्षी बोर्डोत वसंत गारठलेला आणि ओला गेला, फुलोरा गळला, घड विरळ भरले आणि ऐन तोडणीच्या तोंडावर पावसानं कूज धरली. नाशिकच्या बागायतदाराला यातलं काहीही समजावून सांगायला नको. फुलोऱ्यातला पाऊस काय करतो आणि मणी भरल्यावरचा काय करतो, हे त्याला पाठ असतं. मोरचूद आणि चुना कालवून तो डावणी या बुरशीरोगावर जे बोर्डो मिश्रण मारतो, तेही इथलंच. पोयाक ज्यात येतं त्या मेडॉक भागातले शेतकरी चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर असलं काहीबाही शिंपडत. त्या वेलींना रोग लागत नाही हे प्येर-मारी-आलेक्सिस मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५मध्ये त्यानं ते मिश्रण जगापुढे मांडलं. कोकणातल्या सुपारीपर्यंत ते पोचलं आहे.

दुसरा पेला २०१०चा. घोट घेतला आणि जीभ टाळूला लागली ती सरकेना. हिरड्या आवळल्या, दात कोरडे झाले. मराठीत याला नेमका शब्द आहे: तुरट. षड्रसांत आपण त्याला चव म्हणून बसवलं आहे, पण बहुतेक शास्त्रज्ञ त्याला स्पर्श मानतात. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असतात. लाळेत वंगणासारखी प्रथिनं असतात. टॅनिन त्या प्रथिनांना चिकटतात, त्यांचे गोळे बनतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ तोंडात घासायला लागते. कोऱ्या चहानं तोंड असंच आवळतं. त्यात दूध घातलं की आवळणं थांबतं, कारण टॅनिनना पकडायला दुधातली प्रथिनं मिळतात आणि लाळेची वाचतात. त्या रात्री दुधाचं काम पोयाकच्या कोकराच्या मटणानं केलं. मटणाच्या दोन घासांनंतर तीच वाइन मऊ लागली आणि तिच्यातलं काळं, गर्द फळ पुढे आलं. या भागात ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. प्रथिनांचं रसायनशास्त्र ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी जिभांनी ती जुळवली होती.

२०१०चा उन्हाळा कोरडा होता, पण रात्री गार असत. म्हणून गोडी भरपूर चढली, साल जाड राहिली आणि आंबटपणाही टिकला. हे तिन्ही एकत्र येणं दुर्मिळ. २००३मध्ये नेमकं तेच बिनसलं. त्या ऑगस्टमध्ये उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसं दगावली. वेलींनी पानांची रंध्रं मिटून घेतली. द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक उन्हातही टिकून राहतं, मॅलिक मात्र मणी श्वसनात खर्च करतो आणि जितकी उष्णता जास्त, तितका खर्च जास्त. त्या वर्षी रस इतका बेचव गोड झाला की एरवी मनाई असलेलं आम्ल मिसळायला खास परवानगी द्यावी लागली. तिसऱ्या पेल्यात मला मनुका आणि मुरंबा लागला. चविष्ट होता, पण घोट गिळल्यावर मागे काही उरत नव्हतं. आंबटपणा हा वाइनचा कणा आहे, हे मला त्या पेल्यानं पटवलं.

चौथ्या बाटलीचं बूच निघालं आणि यजमानबाईंनी नाक आक्रसलं. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. हे ट्रायक्लोरोॲनिसोल: बुचाच्या सालीत क्लोरिनची संयुगं असली, तर बुरशी त्यांच्यापासून ते तयार करते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते ओळखलं गेलं. त्याचा खरा उपद्रव पुढे २०१३मध्ये जपानी संशोधकांनी दाखवला. ते नाकातल्या गंधपेशींचे मार्गच दाबून टाकतं. म्हणजे ते घाण वास तर देतंच, वर बाकीचे वासही मिटवतं. जवळजवळ चाळीस वर्षं जपलेली बाटली मोरीत गेली. ओतताना कुणी बोललं नाही. मला फार वाईट वाटलं.

सुदैवानं त्याच सालाची आणखी एक होती. ती आदल्या दिवसापासून उभी ठेवलेली. यजमानांनी मानेखाली मेणबत्ती धरून ती सावकाश ओतली आणि काळसर गाळ मानेपर्यंत येताच हात थांबवला. पेल्यातला रंग जांभळा नव्हता, विटकरी होता. कडेला तर जुन्या कौलासारखा. जांभळाला, कोकमाला, द्राक्षाला रंग देणारी अँथोसायनिनं वर्षानुवर्षं टॅनिनना जोडली जातात, टॅनिन एकमेकांना जोडले जातात, रंग पालटतो. काही रेणू इतके मोठे होतात की द्रवात राहूच शकत नाहीत. गाळ म्हणजे तेच. १९८६ची मेडॉकची वाइन तरुणपणी कमालीची तुरट म्हणून ओळखली जायची. तो तुरटपणा आता पेल्यात नव्हता, बराचसा बाटलीच्या तळाशी होता. वासात देवदार होता, तंबाखूचं पान होतं, पावसानंतरचा पालापाचोळा होता.

त्या बाटलीत आणखी एक नोंद होती, नाकाला न कळणारी. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. बोर्डोतले भौतिकशास्त्रज्ञ फिलीप ह्युबेर यांनी बाटली न उघडता वाइनमधलं सीझियम-१३७, म्हणजे अशा स्फोटांतून पसरणारा किरणोत्सारी अणू, मोजण्याची पद्धत काढली. १९४५च्या आधीच्या वाइनमध्ये ते नसतंच, कारण हा अणू निसर्गात नव्हता. अणुचाचण्यांच्या काळात, १९६३च्या सुमारास, तो शिखराला पोचतो, मग उतरतो आणि १९८६ला पुन्हा किंचित वर येतो. प्रमाण इतकं सूक्ष्म की पिणाऱ्याला काही होत नाही. पण शतकभर जुनी म्हणून खपवलेल्या बाटलीत ते सापडलं, तर लबाडी तिथेच उघडी पडते.

फ्रान्सच्याच बर्गंडी भागातल्या बोन गावानं तर तोडणीच्या तारखा १३५४पासून लिहून ठेवल्या आहेत. वर्ष जितकं गरम, तितकी तोडणी लवकर. २०१९मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८७पर्यंत तोडणी सरासरी २८ सप्टेंबरला सुरू व्हायची, १९८८नंतर ती १३ दिवस अलीकडे आली आहे. साडेसहाशे वर्षांच्या या वहीत असा बदल कधीच नव्हता.

सकाळी यजमानांनी मळा दाखवला. खडे-गोटे, त्यांतून वर आलेले कॅबरनेचे जुने, पिळवटलेले बुंधे. कडेच्या चार ओळी मात्र कोवळ्या होत्या, अजून काठीला बांधलेल्या. त्या तोरिगा नासिओनाल या पोर्तुगालच्या उष्ण खोऱ्यांतल्या वाणाच्या. २०२१मध्ये बोर्डोनं असे सहा नवे वाण लावायला मुभा दिली, तीही मळ्याच्या पाच टक्के जमिनीपुरतीच. मी विचारलं, यातली पहिली चांगली बाटली कधी उघडाल? बाईंनी बांधाजवळ उभ्या असलेल्या सात वर्षांच्या नातवाकडे बोट केलं.