पलंगाला मऊ पाठ, घरच्या घरी आणि बेताच्या खर्चात
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"हेडबोर्डसाठी (पलंगाच्या डोक्याकडच्या पाठीसाठी) फोम द्या," एवढंच सांगून बरेच ग्राहक आमच्याकडे येतात. मग जाडी किती, कापड किती मीटर, प्लाय कुठला, हे सगळं काउंटरवर उभ्या उभ्या ठरतं आणि घाईत नको ते सामान गळ्यात पडतं. तसं होऊ नये म्हणून हे पत्रक घरी नेऊन निवांत वाचा आणि मगच खरेदीला या.

आमचा सल्ला असा : हेडबोर्ड अखंड करू नका, उभ्या पट्ट्यांचा करा. पाच फुटी अखंड फळीवर कापड एकसारखं ताणायला दोन सवयीचे हात लागतात. सव्वा फुटाची पट्टी मात्र जेवणाच्या टेबलावर एकट्याने होते. पट्ट्यांना प्लायची नवी शीटही लागत नाही, सुताराकडे उरलेले तुकडे चालतात. शिवाय पुढे जिथे रोज डोकं टेकतं तिथे तेलाचा डाग पडतोच. अशा वेळी तेवढी एकच पट्टी उतरवून नवं कापड चढवता येतं.

माप

५ फूट रुंद पलंगाला १५ इंच रुंद आणि २४ इंच उंच अशा ४ पट्ट्या बसतात. ६ फुटी पलंगाला १२ इंची ६ पट्ट्या करा. १८ इंचाच्या चार करण्याचा मोह होतो, पण मग एकेका पट्टीला २७ इंच कापड लागतं. सोफ्याच्या कापडाचा पन्हा साधारण ५४ इंच असतो, त्यात अशा दोन पट्ट्या जेमतेम मावतात आणि काठाची किनार आड येते.

कापडाचा हिशेब सोपा आहे. २ इंच फोम, अर्धा इंच प्लाय आणि मागे दुमडायला २ इंच, असं प्रत्येक बाजूला साडेचार इंच वाढवा. म्हणजे १५ बाय २४ च्या पट्टीला २४ बाय ३३ इंचांचा तुकडा लागेल. पन्ह्यात असे दोन बसतात, म्हणून चार पट्ट्यांना पावणेदोन मीटर पुरतं, बारा इंची सहांना पावणेतीन मीटर. प्लाय कापताना रुंदी पाव इंच कमी धरा, कारण कडेला दुमडलेलं कापडही जागा खातं. मखमली कापड असेल तर सगळे तुकडे एकाच दिशेने कापा. एखादा उलटा लागला तर त्याची लव वेगळी चमकते आणि रंगच निराळा वाटतो.

फोम : इथे हात आखडू नका

पाठीसाठी २८ ते ३२ डेन्सिटीचा, २ इंच जाडीचा फोम योग्य. ४० चा बसायच्या गादीला हवा, पाठीला त्याचे पैसे वाया जातात. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, तो हा आकडा. म्हणूनच तो तपासता येतो. ६ बाय ३ फुटांची २ इंची शीट ३२ ची असेल तर काट्यावर साधारण २ किलो ७०० ग्रॅम भरते, २८ ची २ किलो ४०० च्या आसपास. दीड-पावणेदोन किलोच भरली तर ती १८ ते २० ची समजा, ती लवकर दबते. आमच्याकडे घ्या किंवा दुसरीकडे, शीट काट्यावर ठेवायला सांगाच. अशी एक शीट दोन्ही मापांच्या पलंगाला पुरते.

जुन्या गादीचा कापूस वापरू नका. उभ्या पाठीत तो खाली सरकून गोळा होतो. पिवळा पडून भुगा होणारा जुना फोमही नको.

प्लाय आणि कापड

प्लाय १२ मिमीचा घ्या. पार्टिकल बोर्डमध्ये (लाकडाच्या भुशाच्या फळीत) स्टेपल गनच्या पिना धरत नाहीत आणि पावसाळ्यात तो फुगतो. प्लायच्या कडा आणि कोपरे पॉलिश पेपरने घासा, नाहीतर धारेवर कापड काचतं.

कापड जाड विणीचं आणि मध्यम गडद रंगाचं निवडा. रेक्झिन पुसायला सोपं असलं तरी उन्हाळ्यात पाठीला घाम येतो आणि स्वस्तातलं असेल तर पापुद्रे सुटतात. घरात धडधाकट सोलापुरी चादर पडून असेल तर ती उत्तम. आधी धुऊन घ्या, म्हणजे जे आटायचं ते आटेल. खणाचा पन्हा लहान, पण बारा इंची पट्टीला पुरू शकतो, मोजून पाहा. खण पातळ असल्याने खाली अस्तर लावा, नाहीतर पिनांपाशी फाटतो.

जोडणी

फोम प्लायवर एसआर सोल्यूशनने (रबराच्या गोंदाने) चिकटवा. फोम आणि प्लाय दोन्हींना पातळ थर लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. एकदा चिकटलेला फोम सरकवता येत नाही. हे सोल्यूशन पटकन पेट घेतं, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवा. जवळपास गॅस, समई, उदबत्ती काहीही पेटतं नको.

फोमवर वॅडिंगचा (कापसासारख्या पातळ अस्तराचा) थर घातला की कडा गोल आणि भरीव दिसतात. मग कापड उलटं पसरून त्यावर पट्टी पालथी ठेवा. पहिली पिन एका लांब बाजूच्या मधोमध मारा, दुसरी तिच्या बरोबर समोर, मग वरखाली. मधून कोपऱ्यांकडे जात दर इंच-दीड इंचावर ८ मिमीची पिन मारा. दर चार-पाच पिनांनंतर पट्टी सुलटी करून कापडाची वीण सरळ आहे ना ते पाहा. ती वाकडी गेली असेल तर तेव्हाच पिना काढा, पुढे दुरुस्ती होत नाही. कोपरे शेवटी : टोक आत ओढून एक पिन, मग दोन्ही घड्या. वर राहिलेली पिन हातोडीने बसवा. बटनं आणि पायपिंग (काठाची गोल गोट) पहिल्या खेपेला सोडून द्या. खर्च वाढतो आणि चूक लगेच दिसते.

पलंगाला १८ मिमीची साधी सनमायकाची पाठ असेल, तर पट्ट्या तिलाच मागून १ इंची स्क्रूने जोडा. दीड इंची घेतला तर त्याचं टोक फोममध्ये निघतं. प्रत्येक पट्टीला चार स्क्रू पुरेत. पावसाळ्यात भिंतीला ओल येत असेल तर पलंग भिंतीपासून इंचभर तरी पुढे ठेवा, नाहीतर मागून बुरशी धरते.

दुकानात येताना

पलंगाचं माप कागदावर लिहून आणा आणि मोबाईलमध्ये एक फोटो असू द्या. फोम आम्ही मापाने कापून देतो. कापडाचे नमुने घरी न्या, एकदा दिवसाच्या उजेडात आणि एकदा रात्रीच्या दिव्यात पाहा. दर बदलत असल्याने इथे छापलेले नाहीत, त्या दिवसाचा दर लिहून देऊ. आणि कापड घेताना एका पट्टीपुरतं, म्हणजे ३३ इंच, जास्तीचं घ्या. पुढच्या लॉटमध्ये तोच रंग मिळेल अशी खात्री आम्हालाही देता येत नाही.